बारा क्रेनियल नर्व्हज आणि त्यांची छिद्रं लक्षात ठेवायला एखादं सोपं वाक्य आहे का?

तुम्हाला मेंदूतून निघणाऱ्या बाराही क्रेनियल नर्व्हजचा क्रम आणि कुठली नर्व्ह कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर पडते, हे परीक्षेपुरतं लक्षात राहील असं वाक्य हवंय. वाक्यं ढिगाने आहेत. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, चार-पाच तोंडावर फेकेल, त्यातली निम्मी चारचौघांत म्हणण्यासारखी नसतात. मी सांगणार नाही. याच वाक्यावरून माझं एका मैत्रिणीशी १९ वर्षं भांडण चालू आहे आणि तुमचा प्रश्न वाचून ते पुन्हा उकरून निघालं.

मी फिजिओथेरपिस्ट. हॉस्टेलवर माझी रूम पार्टनर म्हणजे पाठांतराचं मशीन होती. पहिल्या ऑल्फॅक्टरीपासून बाराव्या हायपोग्लॉसलपर्यंत एका दमात, तेही छिद्रांसकट. मी क्रमात हमखास अडकायचे, नववी-दहावीची अदलाबदल तर ठरलेली. त्यामुळे मी वेगळाच उद्योग करत बसायचे. हाफ स्कल, म्हणजे अर्धी कापलेली कवटी, मांडीवर घ्यायची आणि बारीक तार घेऊन एकेका भोकात घालून बघायची. कानामागचं हाडाचं टेंगूळ म्हणजे मॅस्टॉइड, त्याच्या पुढ्यात सुईसारखा स्टायलॉइड, आणि दोघांच्या बेचक्यात सातव्या नर्व्हचं, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या फेशियलचं, बाहेर पडायचं भोक, स्टायलोमॅस्टॉइड. तिथे खालून तार घातली की थोडी सरळ वर जाते आणि मग अडते. कारण आत कॅनॉल वळलेला असतो. ही नर्व्ह हाडातून सुमारे ३ सेंटीमीटर जाते आणि तेवढ्यात दोनदा वळण घेते. इतका लांब हाडाचा बोळ दुसऱ्या कुठल्याही नर्व्हच्या वाट्याला आलेला नाही.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिला पैकीच्या पैकी, मी काठावर पास. "तू रस्ते शोधत बस," ती म्हणाली, "परीक्षेत पत्ताच विचारतात." हे मला लागलं, आणि अजून लागतं.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या उजव्या कानामागे ठणकायला लागलं. उशी वाकडी झाली असेल म्हणून सोडून दिलं. पहाटे तिचा गजर वाजला तो उजव्या कानात नुसता खणखणला, जणू कोणी पातेल्यावर डाव आपटतंय. डाव्या कानाला रोजचाच आवाज. "आवाज कमी कर गं," म्हणून मी ओरडलेही. मग बेसिनपाशी गेले. चूळ भरली तर उजव्या कोपऱ्यातून पाण्याची धार गळ्यावर. टूथपेस्टचं काहीतरी विचित्र वाटत होतं, ते काय हे कळायला मिनिटभर गेलं: गारवा जिभेच्या दोन्ही बाजूंना लागत होता, गोडी फक्त डावीकडे. मग आरशात पाहिलं.

उजवी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. डोळा मिटायला गेले तर पापणी अर्ध्यातच थांबली आणि बुबुळ वर पळालं, नुसतं पांढरं दिसत होतं.

मैत्रीण धावत आली आणि तिने एकच शब्द घेतला: स्ट्रोक. तोंड वाकडं म्हणजे स्ट्रोक, हॉस्पिटल, आत्ताच्या आत्ता. तोपर्यंत माझ्या डोक्यात ती तार फिरायला लागली होती. (भीती नंतर वाटली, पुष्कळ वाटली. पण पहिली पाच मिनिटं मी खरंच कवटीत होते.)

आधी कपाळ. भुवया उचलून पाहिल्या, आठ्या डाव्या अर्ध्यातच पडल्या. मेंदूच्या वरच्या भागात स्ट्रोक झाला तर कपाळ सहसा वाचतं, कारण फेशियलच्या न्यूक्लियसच्या (ती जिथून निघते त्या पेशींच्या पुंजक्याच्या) कपाळ हलवणाऱ्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात आणि खालच्या चेहऱ्याच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. माझं कपाळही गेलं होतं, म्हणजे गडबड न्यूक्लियसमध्ये किंवा त्याच्या पुढे. गालाला चिमटा काढला तर दुखलं. म्हणजे पाचवी, ट्रायजेमिनल, शाबूत. पेशंट याला "चेहरा बधिर झाला" म्हणतात, पण बहुतेकदा तो बधिर नसतो, न हलणारा असतो. चेहऱ्याचा स्पर्श पाचवीचा, हालचाल सातवीची.

आता न्यूक्लियसपासून बाहेर या. पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) मधल्या भागात, सातवीचे तंतू सहावीच्या न्यूक्लियसला वळसा घालून निघतात. तिथे घाव असता तर उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळला नसता. तो वळत होता. पुढे इंटर्नल अकूस्टिक मीएटसमध्ये, कानाकडे जाणाऱ्या हाडातल्या बोगद्यात, सातवी आणि ऐकण्या-तोलाची आठवी खांद्याला खांदा लावून शिरतात. तिथे बिघाड असता तर ऐकू कमी आलं असतं, चक्कर आली असती. मला तर जास्तच ऐकू येत होतं. याचा अर्थ कानातल्या इवल्याशा स्टेपिडियस स्नायूला जाणारी फांदी बंद पडलेली. आवाज मोठा झाला की हा स्नायू रिकिबीच्या हाडाला लगाम घालतो, आणि लगाम सुटला की गजराचं पातेलं होतं. त्या फांदीच्या खाली कॉर्डा टिम्पनी ही दुसरी फांदी फुटते, जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणणारी. ती पुढे पाचवीच्या लिंग्वल फांदीला जाऊन मिळते. म्हणून गारवा पाचवीतून नीट पोचत होता आणि गोडी वाटेत अडकली होती. एकाच जिभेवर दोन नर्व्हज, एक चालू आणि एक बंद, आणि निदान करायला हातात टूथपेस्ट.

म्हणजे बिघाड स्टेपिडियसच्या फांदीच्या वर आणि मीएटसच्या पुढे. दुपारी डॉक्टरांनी दोन्ही पापण्यांत टिपकागदाच्या पट्ट्या ५ मिनिटं अडकवल्या. उजवी पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. अश्रुग्रंथीकडे जाणारी फांदी जेनिक्युलेट गँग्लियन या नर्व्हवरच्या गाठीपाशी, पहिल्याच वळणावर सुटते. त्यामुळे जागा तीच किंवा जरा आधीची, जिथे बोळ सगळ्यात अरुंद. नर्व्ह सुजली आणि हाडाने जागा दिली नाही. बेल्स पाल्सी. चार्ल्स बेल या शल्यचिकित्सकाने १८२१ मध्ये या नर्व्हवर लिहिलं, त्याचं नाव चिकटलं.

आता सांगा, यातलं काय त्या वाक्यातून निघालं असतं? वाक्य सांगतं "सातवी, स्टायलोमॅस्टॉइड". माझा बिघाड त्या भोकापासून बराच आत होता.

आणि ते आकडे तरी कुठे पवित्र आहेत? १६६४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने सातवी आणि आठवी मिळून एकच जोडी धरली होती. आजची १२ जोड्यांची मोजणी झोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये मांडली. पुढून मागे, जशा मेंदूतून निघताना दिसतात तशा मोजल्या, इतकंच. दुसरी, नजरेची ऑप्टिक, तर खरी नर्व्हही नाही, मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. अकरावीची मुळं मानेत, ती फोरॅमेन मॅग्नममधून, कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून, वर कवटीत शिरते आणि जुग्युलर फोरॅमेनमधून परत बाहेर पडते. पत्ता लिहायचा तर कुठला लिहाल?

तरी परीक्षा द्यायचीच आहे, तर एवढं घ्या: शेवटच्या चार, ९ ते १२, मेड्युलाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या खालच्या भागाच्या (अकरावी मानेतून येते, तरी मोजतात यांच्यातच). त्याआधीच्या चार, ५ ते ८, पॉन्सच्या. तिसरी-चौथी मिडब्रेनच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाच्या, आणि पहिल्या दोन त्याहून वर. हे पक्कं असेल तर क्रम चुकला तरी माणूस हरवत नाही. छिद्रांसाठी कवटी आणि तार घ्या, दोन संध्याकाळी पुरतात. सुपीरियर ऑर्बिटल फिशर या खोबणीमागच्या फटीतून तिसरी, चौथी, पाचवीची पहिली फांदी आणि सहावी अशी अख्खी गर्दी का जाते, हे डोळ्याच्या खोबणीतून मागे बघितलं की आपोआप कळतं: दुसरी सोडली, तर ज्यांना डोळ्याकडे जायचंय त्या त्याच दारातून जाणार.

आता हेही सांगायलाच हवं. हे वाचून कोणी आरशासमोर भुवया उचलून घरीच बसू नका. पॉन्समध्ये छोटा स्ट्रोक झाला तरी कपाळ जाऊ शकतं, त्यामुळे माझी कपाळाची परीक्षा एकटी पुरेशी नव्हती. हात-पाय जड, बोलणं अडखळतंय, दोन-दोन दिसतंय, तर एक मिनिटही घालवायचं नाही. कानात फोड आले असतील, किंवा चेहरा हळूहळू आठवडे घेऊन जात असेल, तर ते प्रकरण वेगळं. डोळा मिटत नसेल तर थेंब आणि रात्री पट्टी, नाहीतर बुबुळाला जखम होते. आणि माझ्याच धंद्याबद्दल एक: चेहऱ्याला सरसकट करंट देणं मला पटत नाही, मी देत नाही.

मला बरं व्हायला अडीच महिने लागले. मोकळेपणी हसले की उजवा डोळा अजूनही किंचित बारीक होतो, तंतू परत वाढताना काही चुकीच्या स्नायूला जाऊन लागले म्हणून.

बेल्स पाल्सीत स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग होतो. माझं पाचव्या तासाला झालं, कारण मी बेसिनपाशी जेनिक्युलेट गँग्लियनवर भाषण देत असताना त्या मैत्रिणीने चपलाही घालू न देता मला ओढत नेलं होतं. निदान तिचं साफ चुकलं होतं, हे मी तिला दरवर्षी सांगते. वाक्य तिला अजून पाठ आहे, हवं असेल तर विचारून देईन. फक्त बारांतली कुठली एकटी ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघते आणि बाजू बदलून पलीकडच्या डोळ्याकडे जाते, हे तिला विचारू नका. चौथी. मागच्याच महिन्यात विचारलं होतं, तिने सहावी सांगितली.