पहिल्या धड्यातच अडकलेय, नवीन पुस्तक घेऊ का?

प्रश्न : मॅडम, मी लॉच्या सेकंड इयरला आहे, नेरूळहून ठाण्याला कॉलेजला जाते. इंटरनॅशनल लॉचं बेसिक टेक्स्टबुक सीनिअरकडून घेतलं, २०१५ची एडिशन आहे. पहिला धडा तीनदा वाचला पण कस्टम आणि ते ओपिनिओ ज्युरिस डोक्यात शिरतच नाहीये, आणि ज्याला पोलीसच नाहीत तो कायदा कसला असं पण सारखं वाटतं. नवीन पुस्तक घेऊ का? महाग आहे खूप.
— एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : अगं नको घेऊस, तुझं अडलंय ते एडिशनमुळे नाहीच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या (हेगचं ICJ) स्टॅट्यूटचं कलम ३८ तेच आहे, कायदा कुठून येतो ते सांगणारं, तह, रूढी, कायद्याची सामान्य तत्त्वं, सगळं तिथेच. कुलभूषण जाधवांची भारत विरुद्ध पाकिस्तान केस तेवढी नसणार त्यात, १७ जुलै २०१९चा निकाल आहे तो, कोर्टाच्या साईटवर फुकट मिळतो, घे वाचून.

आता कस्टम, म्हणजे रूढी. तू रोज ट्रान्स-हार्बरने येतेस ना, तीन जणींच्या बाकावर चौथी येऊन उभी राहिली की बाकीच्या सरकतात, हे कुठे लिहिलंय का? नाही. सरकणं ही झाली प्रॅक्टिस. पण एखादी हललीच नाही तर अख्खा डबा "अहो, सरका की" म्हणून तिच्याकडे असा बघतो की जणू तिने नियमच मोडला, ते जे वाटणं आहे ना, ते ओपिनिओ ज्युरिस. नुसतं विंडो सीटला सगळ्या धावतात म्हणून तो काही नियम होत नाही.

आता हेच घेऊन पोर्तुगाल विरुद्ध भारत ही १९६०ची केस वाच, तुझ्या पुस्तकात असणार म्हणजे असणारच. दादरा-नगर हवेली १९५४ला पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं (सुधीर फडके त्यात होते, आजीला विचार), मग पोर्तुगाल कोर्टात गेलं की दमणहून तिथे जायला भारतातून वाट हा आमचा हक्क. कोर्टाने बघितलं काय, तर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सामान्य लोक, अधिकारी, माल बिनबोभाट जात होते, पण सैन्य आणि शस्त्रं मात्र परवानगी घेऊनच. म्हणून पहिल्याला हक्क, दुसऱ्याला नाही, आणि भारतानेही काही मोडलं नाही असा निकाल. दोनच देशांत पण रूढी होऊ शकते, हे इथूनच शिकवतात.

मग सावरकरांची केस बघ. मार्सेला बोटीतून उडी मारली, फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांकडे दिलं, १९११ला हेगच्या लवादाने म्हटलं की सोपवण्यात गडबड झाली खरी, पण म्हणून इंग्रजांनी त्यांना फ्रान्सला परत द्यायलाच पाहिजे असा कुठला नियम नाही. मला ही अजून पटत नाही, पण वाचायला जाम इंटरेस्टिंग आहे.

पोलिसांचं म्हणशील तर जाधव केसमध्येही नव्हतेच की. तरी निकालानंतर २ सप्टेंबर २०१९ला पाकिस्तानने भारताच्या अधिकाऱ्याला जाधवांना भेटू दिलं. भेट नीट झाली का, हे भांडण वेगळं. सुटका मात्र कोर्टाने सांगितलीच नव्हती, परीक्षेच्या पेपरात ते चुकीचं लिहू नकोस.

आणि हो, त्याच स्टॅट्यूटचं कलम ५९ आधी वाच, निकाल त्या केसपुरता आणि त्या दोन पक्षांपुरताच बांधील असतो. अर्धा वर्ग इथेच मार्क घालवतो.