कुत्र्याला आपलं खाणं थोडंसं दिलं तर चालतं का?

तुमच्या कुत्र्याने चॉकलेटचा तुकडा, भाजीतला कांदा असलं काहीबाही आधीही खाल्लंय आणि त्याला काही झालं नाही, मग डॉक्टर उगाच घाबरवतात का, असं तुम्ही विचारलंय. उगाच नाही. 'काही झालं नाही' हे आपण कधी ठरवतो? फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कांद्याला तेवढा वेळ पुरत नाही.

कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, पण ते दिसायला बऱ्याचदा काही दिवस जातात. मग कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते. तोवर कांदा कोणाच्या डोक्यातही नसतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्त बिघडवायला पुरतो. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे एखादा मोठा कांदा. रोज थोडाथोडा पोटात गेला तरी नुकसान साठत जातं. शिजवल्याने हा गुण जात नाही, त्यामुळे कांदा वेचून नुसता रस्सा देण्यात अर्थ नाही.

चॉकलेटचा सगळा हिशोब वजनाचा आणि रंगाचा. त्यातलं थिओब्रोमिन, म्हणजे कुत्र्याला बाधणारं द्रव्य, त्याच्या अंगातून निम्मं जायलाच १७-१८ तास लागतात. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो, ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५ मिलिग्रॅम असतं, दुधाच्या चॉकलेटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे मोठ्या कुत्र्याने दुधाच्या चॉकलेटची एक वडी खाल्ली तर बहुधा निभावतं, पण ५ किलोच्या पिल्लाला २० ग्रॅम डार्कही त्रास देतं.

द्राक्षं आणि मनुकांना असा हिशोब लावताच येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन मजेत फिरतो, दुसऱ्याची थोड्याशाने मूत्रपिंडं बंद पडतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि द्राक्षाद्राक्षात त्याचं प्रमाण बदलतं. चिंचेतही तेच आम्ल असतं.

मला स्वतःला सगळ्यात धास्ती झायलिटॉलची, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या एका गोड पदार्थाची, वाटते. बिनसाखरेचं च्युइंगगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असतं. माणसाला त्याचं काही होत नाही. कुत्र्याचं इन्सुलिन मात्र एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळून तो झोकांड्या खायला लागतो. प्रमाण वाढलं तर यकृतही जातं. वेष्टनावर 'बर्च शुगर' किंवा 'ई९६७' लिहिलं असेल तर ते हेच. आमची कुत्री पर्सची चेन नाकाने उघडते, त्यामुळे आमच्या घरात च्युइंगगमला बंदी आहे.

बाकी मॅकाडेमिया नट्स, दारू, यीस्ट घातलेली कच्ची कणीक आणि शिजलेली हाडं यांनाही सरळ नाही म्हणा.

खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका. वेष्टन हातात घ्या, किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, हे डॉक्टरांना फोनवर सांगा. उलटी करवायची असेल तर ती पहिल्या तास-दोन तासांतच उपयोगी पडते आणि ते काम डॉक्टरांचं. मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्याने रक्तातलं मीठ जीवघेणं वाढू शकतं.

आणि तो ताटाशी बसून बघतोच आहे, तर गाजराचा तुकडा द्या, किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाडं काढून.