मोल्दोव्हातली मोठी घरं बंद का असतात?

तुम्ही विचारलंय की भाचा मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाऊला, मेडिकलला गेलाय, नेटवर जिकडेतिकडे ‘युरोपातला सगळ्यात गरीब देश’ असं वाचायला मिळतं, पण तो पाठवतो त्या फोटोंत चकाचक कॅफे, जर्मन गाड्या आणि खेड्यापाड्यांत कुलूप लावलेली दुमजली घरं दिसतात. मग ही माणसं गरीब आहेत की नाहीत, आणि एवढ्या संख्येने देश सोडून का जातात?

मी इटलीत बोलोन्याजवळ राहतो. बाटल्या भरायच्या यंत्रांची देखभाल हे माझं काम, त्यामुळे मोल्दोव्हातल्या वायनरींत बरीच वर्षं जाणं-येणं आहे. शिवाय इटलीत मोल्दोव्हन बायका आमच्या शेजारीपाजारी, घराघरांत आहेत. मूळचा तासगावचा, म्हणून द्राक्षबागा आणि शेतजमिनीकडे माझं लक्ष जरा जास्त जातं. उत्तर तिकडे झुकलं तर समजून घ्या.

आधी ते ‘सगळ्यात गरीब’ प्रकरण. डॉलरमध्ये मोजलं तर मोल्दोव्हाचं दरडोई उत्पन्न आज भारताच्या दुपटीहून जास्त आहे, आणि युद्धामुळे युक्रेन त्याच्याही खाली गेलाय. सरासरी पगार महिन्याला ७००-८०० युरोच्या घरात आला आहे. ते बिरुद खरं होतं १९९९ च्या आसपास आणि मग चिकटून बसलं. पण गरिबी कमी झाली ती कारखाने उभे राहून नव्हे. माणसं बाहेर गेली, त्यांनी पैसे पाठवले. बाकी जे काही तुम्हाला विचित्र दिसतंय ते यातूनच निघतं.

तिथले म्हातारे सोव्हिएत काळाबद्दल हळवे का होतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. हा प्रदेश म्हणजे बेसराबिया. १८१२ मध्ये रशियाकडे, १९१८ मध्ये रोमानियाकडे, १९४० मध्ये सोव्हिएत संघाकडे, मध्ये युद्धात पुन्हा रोमानियाकडे आणि १९४४ पासून परत सोव्हिएत. १९४६-४७ मध्ये दुष्काळ पडला आणि त्यातच धान्याची सक्तीची वसुली झाली. लाखाहून जास्त माणसं मेली. जुलै १९४९ मध्ये एका रात्रीत ११ हजारांहून जास्त कुटुंबं, म्हणजे ३५ हजारांच्या आसपास माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे पाठवली. ज्यांच्याकडे चार एकर जास्त जमीन, एखादी गिरणी, दोन बैल जास्त, ते ‘कुलक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरले. उरलेल्यांनी काय ते ओळखलं आणि पुढच्या काही महिन्यांत जमीन मुकाट्याने कोलखोजला (सरकारी सामूहिक शेतीला) दिली.

तरीही साठ ते ऐंशीच्या दशकांत जी पिढी कामाला होती तिला ती वर्षं सुखाची वाटतात. अख्ख्या सोव्हिएत संघाला फळं, डबाबंद भाज्या, तंबाखू आणि वाइन इथून जायची. पगार वेळेवर, मुलांना कॉलेज फुकट, उन्हाळ्यात काळ्या समुद्रावर सुट्टी. याच काळात खेड्यातली मोल्दोव्हन माणसं पहिल्यांदा मोठ्या संख्येने शहरात आली. तोवर किशिनाऊ हे आधी ज्यू-रशियन आणि मग प्रामुख्याने रशियन बोलणारं शहर होतं. खेड्यातला माणूस दुकानात आपली भाषा, म्हणजे रोमानियन, बोलायला बिचकायचा. आज तिथे रोमानियन सगळीकडे ऐकू येते. माझ्या मते या समाजातला हा एक मोठा बदल आहे, पण त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

मग सगळं कोसळलं. २७ ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, १९९२ च्या मार्च ते जुलैमध्ये निस्त्रू नदीपलीकडे लढाई झाली आणि ट्रान्सनिस्ट्रिया, म्हणजे रशियाच्या पाठिंब्याने वेगळा झालेला पलीकडचा भाग, हातचा गेला. जमिनीचा पट्टा चिंचोळाच, पण मोठं वीजकेंद्र आणि पोलादाचा कारखाना तिकडे. इकडे उरली शेती, आणि तिचा ग्राहक असलेला सोव्हिएत संघच नाहीसा झालेला. महागाई एवढी भडकली की बँकेतली आयुष्यभराची रुबलमधली शिल्लक पाव-भाजी घेण्याइतकीही राहिली नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये लेऊ हे नवं चलन आलं, जरा स्थिरावतंय तोवर १९९८ मध्ये रशियाचं दिवाळं निघालं आणि निर्यात बसली. शाळामास्तरांचे पगार महिनोन्‌महिने थकले, पेन्शन कधीकधी वस्तूंच्या रूपात मिळायचं. १९९९ मध्ये देशाचं उत्पन्न दशकभरापूर्वीच्या साधारण एक तृतीयांशावर आलं होतं. २००१ मध्ये लोकांनी मतपेटीतून कम्युनिस्टांना परत सत्तेवर आणलं, याचं पाश्चात्त्य पत्रकारांना फार नवल वाटलं. मला नाही वाटलं.

आता जमिनीचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘पमुंत’ (म्हणजे जमीन) नावाच्या कार्यक्रमाखाली कोलखोज मोडून दहाएक लाख लोकांना जमिनी वाटल्या. माणशी सरासरी दीड हेक्टरच्या आत, तीही तुकड्यातुकड्यांत: थोडी धान्याची, एक पट्टी द्राक्षबागेची, चार झाडं फळांची, प्रत्येक तुकडा गावाच्या वेगळ्या टोकाला. ट्रॅक्टर, पंप, शीतगृहं कोलखोजची होती, ती ज्यांचे हात पोचले त्यांनी उचलली किंवा भंगारात विकली. पाण्याच्या पाइपलाइनी उकरून नेल्या. पंपाशिवाय, कर्जाशिवाय, बाजाराशिवाय एका विधवेने दीड हेक्टरचं काय करायचं? तिने ती कसायला दिली, आणि बदल्यात वर्षाला काही पोती गहू, सूर्यफुलाचं तेल, थोडी साखर घेतली. अजूनही बऱ्याच गावांत हाच व्यवहार आहे. बागा म्हाताऱ्या झाल्या, मजूर मिळेना, म्हणून बाग काढून सूर्यफूल आणि मका लावला. यंत्राने पेरायचं, यंत्राने काढायचं, माणूस लागत नाही. द्राक्षबाग काढताना पाहणं मला तरी जड जातं, पण हिशोब त्यांचा बरोबर आहे.

आणि आता बायका. मनीऑर्डरवर चालणारं कोकण आपल्या जुन्या पिढीने पाहिलंय: चाकरमानी मुंबईत, गावात बायको, म्हातारे आणि पोरं. मोल्दोव्हात पुरुषही गेले, मॉस्कोला बांधकामावर, पण बरेचसे हंगामी, थंडीत परत. वर्षानुवर्षांसाठी घर सोडलं ते बायकांनी. इटलीत म्हातारी माणसं अफाट, मुलं नोकरीत, वृद्धाश्रम महाग, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी सरकार घरच्यांच्या हातात दरमहा भत्ता देतं. त्या पैशात थोडी भर टाकून घरात राहणारी बाई ठेवायची, अशी पद्धत पडली. तिला इटलीत ‘बादान्ते’ म्हणतात. रोमानियन आणि इटालियन जवळच्या भाषा, तीन-चार महिन्यांत बोलता येतं. एजंटाला तीन-चार हजार युरो देऊन, बहुतेक वेळा व्याजाने काढून, बायका पर्यटक म्हणून आल्या आणि राहिल्या. २००२ मध्ये इटलीने घरकाम करणाऱ्या परदेशी लोकांना मोठ्या प्रमाणावर कागदपत्रं दिली, तेव्हा कितीतरी जणी पहिल्यांदा घरी जाऊन येऊ शकल्या. त्यांतल्या किती शिक्षिका होत्या, नर्स होत्या, कोलखोजच्या हिशेबनीस होत्या! गावच्या शाळेत तेव्हा महिन्याला पन्नास डॉलरही मिळत नसत. इथे सात-आठशे युरो, आणि राहणं-खाणं मालकाकडे, म्हणजे जवळजवळ सगळे घरी. गुरुवारची दुपार आणि रविवार सुट्टी. पडोव्हा, मेस्त्रे, बोलोन्याच्या बागांत त्या दिवशी बाकांवर फक्त त्याच दिसायच्या, आणि जवळच्या पार्किंगमध्ये मोल्दोव्हाच्या व्हॅन उभ्या. ड्रायव्हर वजन करून पार्सलं घ्यायचा: पास्ता, कॉफी, कपडे, मुलांचे बूट. तिकडून येताना चीज, लोणची, घरची वाइन. या व्हॅन अजून चालतात.

२००६ ते २००८ या काळात बाहेरून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त होता. जगात अशी उदाहरणं थोडीच. त्यातून काय झालं? आधी कर्ज फिटलं. मग छप्पर, न्हाणीघर, गॅस. मग मुलांचं शिक्षण, आणि मग ते दुमजली घर, जे तुमचा भाचा बघतोय. ते बांधताना प्रत्येकीच्या डोक्यात पाच वर्षांनी परत यायचं होतं. पण तोवर मुलं इटलीत शाळेत गेली, नवरा इकडे आला किंवा तिकडे गावात दुसरीबरोबर राहायला लागला. घटस्फोट वाढले, हे तिथे कोणीही उघड सांगेल. आजीने वाढवलेली एक अख्खी पिढी आता तिशीत आहे. त्यांना आई म्हणजे स्काइपवरचा चेहरा आणि पार्सल. दुसरीकडे, पैसा ज्याचा त्याचा शब्द, हेही घडलं. जमीन विकायची की नाही, लग्नात किती खर्च करायचा, याचा निर्णय आता पडोव्हाहून फोनवर होतो, आणि सासरे गप्प बसतात. याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

सरकारचीही सोय झाली. पाठवलेल्या पैशातून लोक परदेशी माल घ्यायचे, त्यावर कर मिळायचा, रोजगार निर्माण करायची घाई कुणाला? बाहेर गेलेला माणूस मोर्चाही काढत नाही. २०१४ मध्ये तीन बँकांतून देशाच्या उत्पन्नाच्या १२ टक्क्यांइतका पैसा गायब झाला. तो सरकारी रोख्यांतून भरून काढला, म्हणजे शेवटी त्या बादान्तेंनी पाठवलेल्या युरोंवरच्या करातून. राग होता तो इथून साठत गेला.

दरम्यान सगळ्यांची तोंडं पश्चिमेला वळली, यात रशियाचाच हात मोठा. मोल्दोव्हाची बहुतेक वाइन रशियाला जायची. मार्च २००६ मध्ये रशियाने गुणवत्तेचं कारण सांगून ती बंद केली, २०१३ मध्ये पुन्हा. पहिल्या वेळी कित्येक वायनरी बुडाल्या. ज्या टिकल्या त्यांनी गोडसर, स्वस्त वाइन सोडली, नवी यंत्रं घेतली (त्यातच माझी नोकरी आली) आणि रोमानिया, पोलंड, चेक बाजार धरला. एप्रिल २०१४ पासून शेंगेन देशांत (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत) बिनव्हिसा प्रवास सुरू झाला, शिवाय लाखोंनी रोमानियाच्या काळातल्या आजोबांच्या कागदांवर रोमानियन पासपोर्ट काढला. आधी पाठवलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त रशियातून यायचा, आता रशियाचा वाटा किरकोळ आहे. २०२२ च्या युद्धाने उरलीसुरली दोरी तोडली. त्या वर्षी महागाई ३० टक्क्यांवर गेली, गॅस आणि विजेचे दर कैक पटींनी वाढले, तरी युक्रेनमधून आलेल्यांना लोकांनी घरात घेतलं. ती मोठी बंद घरं तेव्हा उघडली.

देशात काहीच उभं राहिलं नाही असंही नाही. २०१८ पासून आयटी पार्क योजना आहे, उलाढालीवर सरसकट ७ टक्के कर, बाकी कटकट नाही. किशिनाऊमधले तुम्ही म्हणता ते कॅफे बऱ्याच अंशी या पगारांवर चालतात. उत्तरेकडच्या बेल्त्स शहराच्या बाजूला जर्मन गाड्यांचे वायरिंग हार्नेस (आतल्या विजेच्या तारांचे जुडगे) बनतात. अडचण आता उलटी आहे, माणसंच नाहीत. १९८९ च्या जनगणनेत ट्रान्सनिस्ट्रिया धरून ४३ लाख होते. २०२४ च्या जनगणनेत, ट्रान्सनिस्ट्रिया सोडून, २४ लाख उरले. बांधकामावर आता भारत, नेपाळ, बांगलादेशातले मजूर दिसतात. मोल्दोव्हन गवंडी जर्मनीत, त्याच्या जागी आपला माणूस.

राजकारणातही हेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघात जाण्याबद्दल सार्वमत झालं, ५०.३५ टक्के ‘हो’. देशातल्या देशात ‘नाही’ पुढे होतं. साडेदहा हजार मतांचा फरक पडला तो परदेशातल्या मतदान केंद्रांमुळे. युरोपच्या बाजूच्या राष्ट्राध्यक्ष माया सांदूही दुसऱ्या फेरीत तशाच निवडून आल्या. म्हणून गावातला एखादा म्हातारा चिडून म्हणतो की इथे राहतो आम्ही आणि ठरवतात ते. त्याच्या घरचं वीजबिल भरणारी मुलगी त्याच ‘ते’ मध्ये असते, पण त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. दक्षिणेत गागाऊझ लोकांत हा राग जास्त. ते तुर्की वळणाची भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांच्या बायका घरकामाला इस्तंबूलला जातात, आणि त्यांचं मन बरंचसं रशियाकडे आहे.

आता तुमच्या भाच्यासाठी. शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डातले पेशंट बहुतांशी म्हातारे असतील आणि ते रोमानियनच बोलतील, काही जण रशियन. पहिल्या वर्षीच रोमानियन मनावर घ्यायला सांगा, तिसऱ्या वर्षी धावपळ करण्यात अर्थ नाही. तिथले स्वतःचे डॉक्टर रोमानिया आणि जर्मनीला जातात, त्यामुळे हॉस्पिटलांत माणसं कमी असतात आणि भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला हाताखाली घेऊन शिकवायला सीनियर तयार असतात. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ‘पाश्तेले ब्लाजिनिलोर’ असतं, सगळं गाव स्मशानात जेवण घेऊन जमतं, परदेशातली मंडळीही त्यासाठी येतात. वर्गमित्राने बोलावलं तर जावं, गावचं खरं रूप तेव्हा दिसतं. घरची वाइन नको असेल तर सुरुवातीलाच नम्रपणे सांगावं, अर्धा पेला ठेवला की तो पुन्हा भरतात. आणि भाड्याचं घर घेताना हिवाळ्यातलं हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, हे लेखी विचारून घ्यावं. जानेवारीत ते बिल भाड्याच्या जवळ जाऊ शकतं.