पहिला घटनात्मक निकाल कोणता वाचू?

भाऊ, पहिल्याच वर्षी केशवानंद भारती पूर्ण वाचायला घेऊ नको. १९७३ चा तो निकाल १३ न्यायमूर्तींचा, ७ विरुद्ध ६; दमून जाशील. स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणावरचा, सुप्रीम कोर्टाचा ४ मार्च २०२१ चा विकास गवळी निकाल घे. त्यानंतर आपल्या धुळे-नंदुरबार जिल्हा परिषदांत ओबीसी जागांवर पुन्हा निवडणुका झाल्या, म्हणजे परिणाम तुझ्या डोळ्यांसमोरचा आहे.

वाचताना एवढं शोध:
- कायद्याचा विषय तो करणाऱ्या विधिमंडळाच्या अखत्यारीत होता का? (घटनेची सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या विषयांच्या याद्या)
- मूलभूत हक्काला किंवा घटनेच्या दुसऱ्या तरतुदीला बाधा येते का?
- येत असेल तर कोर्टाने नेमकं काय केलं?

तिसऱ्यावर रेंगाळ. गवळीत ओबीसींना २७ टक्के जागा राखणारं कलम रद्द झालं नाही. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत राहील, इतकाच त्याचा अर्थ कोर्टाने मर्यादित केला. नवखी मुलं 'कायदा उडाला' लिहून मोकळी होतात, आणि तिथेच सगळं हुकतं.

दुसरी चूक, वाईट कायदा म्हणजे घटनाबाह्य कायदा असं समजणं. कोर्ट कायदा वैध धरूनच सुरुवात करतं. उलट दाखवण्याची जबाबदारी आव्हान देणाऱ्याची.

केशवानंदमधली मूलभूत संरचना, म्हणजे संसदही बदलू शकत नाही असा घटनेचा गाभा, सध्या बाजूला ठेव. गवळी दोनदा वाच, अडेल तिथे बिनधास्त विचार.