पाच इंजेक्शनं झाली, आता बास का?

या वेळच्या पत्रांत डोळ्यातल्या इंजेक्शनांबद्दलची पत्रंच जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथून करते.

प्रश्न : बाबांना (वय ७४) गेल्या वर्षी दाराची चौकट उजव्या डोळ्याने वाकडी दिसू लागली. तपासणीत ‘वेट मॅक्युलर डीजनरेशन’ निघालं. आतापर्यंत पाच इंजेक्शनं झाली. प्रत्येक इंजेक्शनाच्या आधी दोन रात्री बाबा झोपत नाहीत. डॉक्टर म्हणतात सूज उतरली, पण बाबांची नजर आहे तेवढीच आहे. आता थांबवलं तर चालेल का?

उत्तर : स्वतःच्या मनाने थांबवू नका.

‘नजर आहे तेवढीच आहे’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण मला ते वाचून बरं वाटलं. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं त्या इवल्याशा जागेची. या आजारात तिच्याखाली नको असलेल्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरू लागतात. वाहिन्यांना ‘वाढा’ असं सांगणारं एक प्रथिन असतं, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. इंजेक्शनातलं औषध या प्रथिनाला धरून ठेवतं. पण औषध डोळ्यात काही आठवडेच टिकतं. प्रथिन तयार होणं मात्र थांबत नाही. म्हणून पुन्हा सुई.

मी शिकत होते तेव्हा या आजारावर लेझर हाच उपाय होता. वाहिन्या जाळायच्या, आणि त्यांच्याबरोबर वरचा पडदाही जळायचा. पेशंटला आधीच सांगावं लागायचं, ‘आज थोडी नजर घालवतो, म्हणजे पुढे जास्त जाणार नाही.’ असं वाक्य तोंडातून काढणं सोपं नसायचं. २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्याच वर्षी काही डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचा अगदी थोडासा अंश डोळ्यात देऊन पाहिला आणि पाझर आटला. खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं. त्याच्या चाचण्यांमध्ये वर्षभरानंतर दहापैकी नऊहून अधिक जणांची नजर टिकली होती. ठळकपणे सुधारली ती मात्र साधारण तीन-चार जणांमागे एकाची. बाबांचा डोळा कोणत्या गटात आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बेव्हॅसिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा, २०११ मध्ये, वर्षाअखेरची नजर दोन्हींकडे जवळपास सारखीच निघाली. तेव्हा ‘कर्करोगाचं औषध डोळ्यात का टोचतात?’ असं विचारणाऱ्या इतर वाचकांनीही घाबरू नये.

माझ्या एका पेशंटबाईंनी चार इंजेक्शनांनंतर येणं बंद केलं. आठ महिन्यांनी आल्या तेव्हा पीतबिंदूच्या जागी व्रण झाला होता. व्रणावर औषध चालत नाही. चूक माझीही होती. चौथ्या वेळी मी ‘छान आहे’ एवढंच म्हणाले होते, ‘छान आहे, पण औषध चालू आहे म्हणून’ असं म्हणाले नव्हते.

आता बाबांच्या झोपेचं. सुई या शब्दाची भीती सुईपेक्षा मोठी असते. आधी बधिर करणारे थेंब टाकतात. मग जंतुनाशक घालतात, ते चुरचुरतं, आणि बहुतेकांना त्याचाच त्रास सर्वांत जास्त आठवतो. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. सुई बुबुळात जात नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात जाते. औषध एका थेंबाएवढं असतं आणि दोन-चार सेकंदांत काम होतं. बाबांना हे पायरीपायरीने आधी सांगा. पुढे काय होणार हे माहीत असलं की माणूस निम्मा शांत होतो. इंजेक्शनानंतरच्या दिवसांत डोळा दुखून लाल झाला आणि दिसणं कमी होऊ लागलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे, पण झाला तर तासांचा हिशोब असतो.

दर महिन्याला टोचणं कायमचं असेलच असं नाही. पडदा कोरडा राहिला तर बरेच डॉक्टर दोन इंजेक्शनांमधलं अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात. २०२२ मध्ये आलेलं फॅरिसिमॅब काही जणांना चार महिन्यांपर्यंत पुरतं. पुढच्या भेटीत पहिला आणि आत्ताचा ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारं चित्र) शेजारी-शेजारी ठेवून दाखवायला सांगा. बाबांना जाणवत नसलेला फरक त्यांना त्या चित्रात दिसेल. आणि घरी चौकटीच्या वहीचा एक कागद भिंतीला लावा, रोज एक डोळा झाकून त्यावरच्या रेघा वाकड्या दिसतात का ते पाहायचं. डाव्या डोळ्यालाही हा आजार होऊ शकतो. दोन्ही डोळे उघडे असताना ते कळत नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आनुवंशिक आजार आहे. रात्री दिसत नाही, बाजूचंही आता कमी दिसतं. जीन थेरपीने हा आजार बरा होतो असं वाचलं. एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शनही सुचवलंय. काय करू?

उत्तर : आधी स्टेम सेलचं, कारण तिथे घाई होते. २०१७ मध्ये तीन स्त्रियांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अमेरिकेतल्या एका क्लिनिकमध्ये त्यांनी पैसे भरून, स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. त्यांचा आजार तुझ्यापेक्षा वेगळा होता, पण आधी बऱ्यापैकी दिसत असलेल्या त्या तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. ‘चाचणी’ म्हणून भरमसाट पैसे मागत असतील आणि दोन्ही डोळे एकदम करू म्हणत असतील, तर तिथून उठून ये.

जीन थेरपी खरी आहे, पण तिचं दार अरुंद आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध आरपीई६५ या एकाच जनुकातल्या बिघाडावर चालतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात, आणि पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असाव्या लागतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून चांगली प्रत पडद्याखाली पोहोचवतात. चाचणीत पेशंटना अडथळ्यांच्या वाटेवरून मंद उजेडात चालायला लावलं होतं, आणि उपचारानंतर अनेकांना पूर्वीपेक्षा कितीतरी कमी उजेड पुरू लागला. मला हे मोजमाप फार आवडलं. तक्त्यावरच्या अक्षरांपेक्षा ते रोजच्या जगण्याच्या जवळचं आहे.

पण तुझ्या आजारामागे ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कोणतंही असू शकतं. म्हणून या वर्षीचं तुझं काम एकच, जनुक तपासणी. नाव कळलं की नव्या चाचण्यांच्या बातम्यांतली कोणती तुझी, हे ओळखता येईल. पेशी उरल्याच नसतील त्यांच्यासाठी वेगळी वाट शोधली जातेय. २०२१ मध्ये ५८ वर्षांच्या, अनेक वर्षं अंध असलेल्या एका माणसाची बातमी आली. त्याच्या डोळ्यात शेवाळापासून मिळवलेल्या, प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं होतं. खास गॉगल लावून त्याला टेबलावरच्या वस्तू शोधता-मोजता आल्या. चेहरे नाही, वाचन नाही. तरीही ती बातमी मी दोनदा वाचली.

प्रश्न : मोतीबिंदू विरघळवणारे थेंब आले आहेत का? की पिकेपर्यंत थांबू?

उत्तर : दोन्ही नाही. २०१५ मध्ये कुत्र्यांवर लॅनोस्टेरॉलचा प्रयोग गाजला होता, पण माणसांसाठी सिद्ध झालेले थेंब आजही नाहीत. आणि पिकू देण्याचा काळ गेला. फेको शस्त्रक्रियेत भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात, ते जितकं कडक तितकी लहरींची ताकद जास्त लावावी लागते. (ही पद्धत शोधणारे डॉक्टर चार्ल्स केलमन यांना ही कल्पना दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, ध्वनिलहरींनी दात साफ करून घेताना सुचली. दात साफ करण्याचा इतका उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.) रोजच्या कामात अडचण येऊ लागली की करून घ्या.

प्रश्न : काचबिंदूचे थेंब रोज टाकून कंटाळा आलाय. लेझरने सुटका होते का?

उत्तर : काही जणांची होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्यांना सुरुवातीलाच लेझर दिलं, तर तीन वर्षांनंतर चारपैकी साधारण तिघांचा डोळ्यातला दाब थेंबांशिवाय आटोक्यात होता. तुमचा आजार जुना आहे, त्यामुळे तुमच्या डोळ्यातलं पाणी जिथून वाहून जातं त्या कोनाची तपासणी केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तोवर थेंब चुकवू नका. गेलेली नजर लेझरनेही परत येत नाही.

आणि सख्ख्या भावंडांना, मुलांना तपासून घ्या. माझी आई डाव्या खांद्याने दाराला धडकायची. मी, डोळ्यांची डॉक्टर, तिला दोन वर्षं सांगत राहिले की चष्मा जुना झालाय. मशीनवर बसवलं तेव्हा डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेलेली होती. त्याच आठवड्यात मी माझाही दाब मोजून घेतला. गेली बारा वर्षं रोज रात्री साडेनऊला मीही थेंब टाकते. कंटाळा मलाही येतो.