शुगर, कोलेस्टेरॉल आणि डब्यातल्या गोळ्या

ताई, सासऱ्यांना शुगरसाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे, आणि नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठवलेल्या दालचिनी, ओमेगा-३ आणि बर्बेरिनच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः टाइप टू मधुमेही आहे. सगळं एकदम तर मुळीच सुरू करू नका. कशाने काय झालं हे ना तुम्हाला कळेल, ना डॉक्टरांना.

बर्बेरिन आधी बाजूला ठेवा. आपल्या दारुहळदीत असतं तेच हे द्रव्य. त्याने शुगर आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) दोन्ही थोडं उतरतं, म्हणूनच ग्लिमेपिराइडच्या जोडीला ते डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं. शुगर एकदम खाली गेली की दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. कारल्याचा रस आणि मेथीची पूड याबाबतही तेवढीच काळजी घ्या.

दालचिनीचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. शिवाय बाजारात बहुतेक कॅसिया जातीची मिळते, तिच्यातलं कुमारिन नावाचं द्रव्य जास्त प्रमाणात यकृताला त्रास देतं. चहात चिमूटभर चालेल, कॅप्सूल नको.

ओमेगा-३ ने शुगर उतरत नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, पण त्यासाठी रोज २ ते ४ ग्रॅम ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ मधली मुख्य द्रव्यं, लागतात. बाटली उलटी करून बघा: पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, मागे या दोन्हींची बेरीज बहुधा ३०० च्या आसपास. मधुमेहींवरच्या असेंड नावाच्या वैद्यकीय चाचणीत, २०१८ साली, रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदयविकार टळल्याचं दिसलं नाही.

खरं सांगू का, मला विचाराल तर मी इसबगोल सुचवेन. रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं, उपाशीपोटीची शुगरही थोडी सुधारते. त्याचा बुळबुळीत चोथा आतड्यातलं पित्ताम्ल धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. साधा भुसाच आणा, चवीच्या पाकिटांत बरेचदा साखर असते. मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या, नाहीतर त्याचा गोळा होऊन घशात अडकतो. गिळायचा त्रास असेल तर नकोच. सुरुवात एका चमच्याने करा आणि गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मात्र त्यामुळे बंद करायची नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी असतील तर जास्तच. त्यानेही तळपायांना मुंग्या येतात, पण आपण मधुमेहालाच दोष देतो. पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ लिहून घ्या, आणि त्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइलचे (कोलेस्टेरॉलच्या तपासणीचे) ताजे आकडे हाताशी असले तर इथे टाका, मग इसबगोलचं प्रमाण कसं वाढवायचं ते सविस्तर सांगते.