उपवासकाळात दरवर्षी तीच पापं, तेच अश्रू. माझा पश्चात्ताप खोटा आहे का?

खोटा नाही. अर्धवट राहत असावा, असं मला वाटतं, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की राखेच्या बुधवारी, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेताना डोळे भरून येतात, उपास नीट पाळले जातात, आणि इस्टर उलटला की पुन्हा तोच राग, तीच कडू जीभ. माझंही कित्येक वर्षं असंच चाललं होतं. पापकबुलीच्या वेळी फादरांना मी एकच वाक्य सांगायचो: "मला फार राग येतो." खरंच होतं ते. पण त्यात ना कुणाचं नाव होतं, ना एखादा दिवस. असं वाक्य वर्षानुवर्षं म्हणता येतं, काही दुखत नाही.

मग एका वर्षी बायबलमधल्या 2 शमुवेल या पुस्तकाचा 12वा अध्याय वाचनात आला. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतलेली असते आणि तिच्या नवऱ्याला मारवलेलं असतं. नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्याच घासातला घास खाणारी, त्याच्या उराशी निजणारी. एक श्रीमंत माणूस ती हिरावून घेतो आणि पाहुण्यासाठी कापतो. दावीद संतापतो, म्हणतो, त्याने चौपट भरून दिलं पाहिजे. तेव्हा नाथान सांगतो, तो माणूस तूच आहेस.

मी स्वतःला विचारलं, सध्या मी सगळ्यात जास्त कुणावर चिडलोय? धाकट्या भावावर. त्याला घरच्यांची पर्वा नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. पण वडील आजारी पडले तेव्हा आठ दिवस त्याला मीच कळवलं नव्हतं. मुद्दाम. तो पोहोचला तोवर वडिलांची वाचा गेली होती.

त्याला फोन केला. "मी तुला मुद्दाम कळवलं नाही," एवढंच म्हणालो. "पण तूसुद्धा..." हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं. कुठलाही उपास मला इतका जड गेला नव्हता. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "बाबा तेव्हा बोलत होते ना रे?" मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला.

माफ केलं, असं तो आजवर म्हणालेला नाही. ते त्याच्याकडून वसूल करायला मी फोन केलाही नव्हता.

म्हणून यंदा लांबलचक यादी करू नका. एक माणूस, एक प्रसंग, तोही नावानिशी. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तेच केलं: ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत द्यायला तो तयार झाला.

आणि रडून स्वतःला झोडपत बसू नका. राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत तर दिवस 46 भरतात. 40 होतात ते सहा रविवार वगळून, कारण रविवार पुनरुत्थानाचा, तो उपासाच्या दिवसांत धरत नाहीत. मी त्या रविवारी भावाला फोन लावतो. कधी उचलतो, कधी नाही.